सोळावा सामना

सोळा संघ आहेत. जो हरला तो घरी गेला. कप एकालाच मिळणार. सांगा, एकूण सामने किती?

हा प्रश्न मी आयुष्यात निदान दोनशे माणसांना विचारला असेल. विचारला की माणूस लगेच कागद ओढतो आणि आठ, चार, दोन, एक अशी बेरीज मांडायला लागतो. मी म्हणते, अहो, एवढी मेहनत काहून करता? एका सामन्यात एक संघ घरी जातो. पंधरा संघांना घरी पाठवायचं आहे, मग सामने पंधरा. झालं की नाही? यावर गणितवाले खूश होतात आणि हॉकीवाले म्हणतात, "मॅडम, हमको पता था." कुणाला काही पता नसतं.

मी मूळची गणिताची मास्तरीण. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात जन्मले (पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला), तिथेच राहिले, सासरही दोन गल्ल्या सोडून मिळालं. राज्य नवीन झालं तेव्हा रायपुरात एकाएकी सगळ्याच गोष्टींची राजधानी व्हायची घाई सुटली. क्रीडा विभागाला स्पर्धांचे तक्ते आखणारं माणूस हवं होतं आणि तिथल्या एका साहेबांना अठरा संघांचा ड्रॉ काढता काढता घाम फुटला होता. मी तो त्यांच्या टेबलावर उभ्या उभ्या काढून दिला. तेव्हापासून शाळा सुटली ती सुटलीच. लोक मला 'ड्रॉवाली मॅडम' म्हणायला लागले. हॉकीची स्टिक मी हातात धरली ती फक्त कुत्रं हाकलायला, हे इथे कबूल करते.

ज्यांना या कामातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्पर्धा दोन तऱ्हांनी घेता येते. एक बाद पद्धत, ती वर सांगितलीच. दुसरी साखळी, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. साखळी न्यायाची खरी, पण सोळा संघांची साखळी म्हणजे एकशेवीस सामने. तेवढे दिवस मैदान कोण देतो? म्हणून चार-चारचे गट करतात, गटात साखळी खेळवतात आणि वरचे दोन पुढे बाद पद्धतीत घेतात. हे सगळं शेवटी दोन गोष्टींवर येऊन थांबतं, दिवस किती आहेत आणि पाणी किती आहे.

पाणी, हो. आताची हॉकी हिरव्या नकली गवतावर होते आणि त्या गवताला प्रत्येक सामन्याआधी आंघोळ घालावी लागते, नाहीतर चेंडू अडखळतो आणि पोरींचे गुडघे सोलून निघतात. रायपूरच्या एप्रिलात त्यावर पाय ठेवाल तर बुटातून चटका लागेल. म्हणून आमचा मोसम दिवाळीचे आकाशकंदील उतरले की सुरू व्हायचा आणि होळीच्या आत आटोपायचा. आमच्याकडे लग्नंही अशीच उरकतात, मुहूर्त संपायच्या आत.

गिऱ्हाइकंही एकेक. तेरा संघ असले की तक्ता भरायला तीन संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे ढकलावं लागतं, त्याला बाय म्हणतात. एका प्रशिक्षकाच्या संघाला बाय मिळाला. तो तासभर माझ्यासमोर बसून राहिला. म्हणे, "हम जीते, ये तो ठीक है. पर कितने से जीते?" मी म्हटलं, भैया, कुणाशी खेळलातच नाही. तो म्हणाला, "फिर भी तीन-शून्य तो लिखिए, गाँव में क्या मुँह दिखाएँगे?" मी लिहिलं नाही. आता वाटतं, लिहिलं असतं तर माझं काय जाणार होतं!

पण आज मला सांगायचं आहे ते एकाच सामन्याबद्दल. सोळा संघांच्या स्पर्धेत पंधरा सामने होतात, असं मी वर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. खरं म्हणजे आपल्याकडे सोळावाही असतो. उपांत्य फेरीत हरलेले दोन संघ तिसऱ्या नंबरासाठी एकमेकांशी खेळतात. आमच्या बोलीत त्याला 'हार्डलाईन' म्हणतात. या सामन्याला कुत्रं फिरकत नाही. मंडपवाला खुर्च्या पुसत असतो, माइकवाला हॅलो-हॅलो करत असतो, आणि आदल्या दिवशी रडून डोळे सुजलेल्या बावीस पोरी पळत असतात. मला तो सामना कधी आवडला नाही. तक्त्यावर तो कुठे बसतच नाही. झाडासारखी सुंदर आकृती काढावी, आणि खाली कोपऱ्यात हा एक वेगळा चौकोन लोंबकळत ठेवावा लागतो.

त्या वर्षी राज्यस्तरीय महिला स्पर्धा होती. पुढच्या हिवाळ्यात रायपुरात मोठी परदेशी स्पर्धा व्हायची होती, त्यासाठी मैदान तपासायला बाहेरचे लोक येणार होते. त्यामुळे आम्हाला मैदान मिळालं मंगळवार ते शनिवार, आणि शनिवारी तर दुपारचे फक्त तीन तास. त्यात फायनल, भाषणं, बक्षिसं. रविवारपासून मैदान पाहुण्यांचं. मी तक्ता घेऊन बसले आणि एक रेघ मारून हार्डलाईन उडवली. सगळं कसं चपखल बसलं! हॉकी संघटनेचे सचिव भैया सगळ्यांना सांगत सुटले, "मॅडम ने पूरा टूर्नामेंट पाँच दिन में बिठा दिया." आणि मी फुगले. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी उपांत्य सामने झाले. रायपुरातल्याच गुढियारीच्या पोरी हरल्या आणि राजनांदगावच्याही हरल्या. मी टेबलावर गुणपत्रकं लावत होते तेवढ्यात गुढियारीची कप्तान समोर येऊन उभी राहिली. वनिता. ती गोलरक्षक, त्यामुळे पायांना ते जाडजूड पॅड आणि हातात हेल्मेट. घरचे लोक भंडाऱ्याकडचे, बाप रेल्वेत खलाशी होता, रिटायर झालेला. मैदानात सगळ्यांशी हिंदी, माझ्याशी मात्र मराठी.

"बाई, आमची मॅच कधी हाय?"

"कोणती मॅच? तुम्ही हरलात न आता."

"हार्डलाईन."

"या वर्षी ठेवली नाही. मैदान नाही मिळून राहिलं."

तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं, बॅगेतून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. खेळाडूंच्या कोट्यातल्या सरकारी नोकरीचा अर्ज. 'राज्यस्तरीय स्पर्धेतील स्थान' असं लिहिलं होतं आणि खाली तीन चौकोन: प्रथम, द्वितीय, तृतीय. त्याच्याखाली बारीक अक्षरात, संयुक्त स्थान ग्राह्य धरले जाणार नाही.

"दोघींनाही तिसरं देऊन टाकते," असं माझ्या जिभेवर आलेलं मी परत गिळलं.

"वयाची अट यंदाच संपते बाई माही. मले फक्त तिसरा नंबर पाहिजे. खेळूनच पाहिजे, फुकट नाही मागून राहिली."

मी चौदा वर्षं तक्ते काढले. कोणता चौकोन कुणाच्या पोटाला लागतो हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला वाटायचं, मी सामने आखते. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी तशीच सचिवांकडे गेले आणि भांडले. ते म्हणाले, "मैडम, आप ही ने काटा है. और अब ग्राउंड मेरे हाथ में नहीं है, साहब से पूछिए."

साहेब म्हणजे परदेशातून आलेला तपासनीस, यान. हॉलंडचा, ताडासारखा उंच, उन्हाने नाक लाल झालेलं. तो गोलपोस्टाजवळ गुडघ्यावर बसून गवतातलं पाणी बोटाने मोजत होता. माझं इंग्रजी शाळेतल्या भूमितीपुरतं, पण तक्ता कुठल्याही भाषेत तक्ताच असतो. मी माझा कागद दाखवला. तो बघत राहिला आणि त्याने विचारलं, तिसऱ्या जागेचा सामना कुठे आहे?

मी म्हटलं, दिवस वाचवला.

मग त्याने आपल्या पिशवीतून परदेशी स्पर्धेचा कार्यक्रम काढला. आणि खरं सांगते, एवढ्या गडबडीतही मी तो कागद अधाशासारखा वाचला. आठ देश, चार-चारचे दोन गट. गटात सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. आणि त्यानंतर आठच्या आठ पुढच्या फेरीत! कोणीच घरी जात नाही. मी बोट ठेवून विचारलं, गटातले तिन्ही सामने हरला तरी? तो म्हणाला, तरी. गट फक्त कोणाची गाठ कोणाशी हे ठरवायला. मी म्हटलं, आमच्याकडे याला तीनदा नापास होऊन मेरिटमध्ये येणं म्हणतात. त्याला ते समजावता समजावता पुरेवाट झाली, पण समजल्यावर खूप हसला. खाली आणखी एक नवल होतं. सातव्या जागेसाठीसुद्धा सामना ठेवला होता. मी म्हटलं, सातवं कोण आणि आठवं कोण, याच्याशी कुणाला काय करायचं? तो म्हणाला, सातव्याला आणि आठव्याला.

त्याला आमच्या मोसमाचं फार कुतूहल. त्यांच्याकडे सप्टेंबरपासून जूनपर्यंत क्लबांची हॉकी चालते, मध्ये बर्फ पडला की हॉलमध्ये शिरून खेळतात. आपली शहरा-शहरांची व्यावसायिक लीग महिनाभरात संपते, हे ऐकून त्याने डोळे मोठे केले. एवढ्यात खेळाडूला लय तरी सापडते का, म्हणाला. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे ज्याला महिना मिळाला तो नशीबवान. बाकीच्यांना वर्षात पाच दिवस मिळतात, आणि त्यातलाही एक सामना मी कापला. मग वनिताचं सगळं सांगितलं. त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, रविवारी सकाळी सहा ते सात मैदान तुमचं. पाणी मी मारतो, मला नाहीतरी पंप तपासायचाच आहे. वनिताला मी लगेच सांगून टाकलं.

आता जे सांगणार आहे ते मी घरीही कुणाला सांगितलेलं नाही.

राजनांदगावचा संघ आमच्याच पाऱ्यातल्या एका हॉलमध्ये उतरला होता. संध्याकाळी घरी जाताना पाहिलं, पोरी बॅगा बांधत होत्या. शनिवारी सकाळच्या गाडीने परत जायचं होतं त्यांना. सामन्याची सूचना देणं माझं काम. आणि नियम असा की जो संघ हजर नाही, तो हरला. त्या सकाळी निघून गेल्या असत्या तर वनिताला न खेळता तिसरा नंबर मिळत होता. मी दारापाशी थांबले. त्यांची कप्तान पुष्पा मला पाहून हसली. कोवळी पोट्टी, नोकरीच्या वयाला अजून चार-पाच वर्षं. मी म्हटलं, "जेवलात का गं?" ती म्हणाली, "हव मैडम." आणि मी पुढे निघून आले. घरी यांनी वाढलेलं ताट मी तसंच झाकून ठेवलं. उद्या सकाळी सांगते, असं मी स्वतःलाच सांगत राहिले. गाडी कितीची आहे हे मला पक्कं माहीत होतं.

सकाळी उशिरानेच गेले. हॉलच्या पायरीवर पोरी वेण्या घालत बसलेल्या.

"गए नहीं?"

पुष्पा म्हणाली, "वनिता दीदी आय रिहिस न काली साँझ के. कहिस, हार्डलाइन होही, झन जावव."

वनिता गुढियारीहून सायकलने येऊन त्यांना थांबवून गेली होती. मी तिथेच पायरीवर बसले. नंतर मी तिला विचारलं, काहून गं? ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काहून म्हणजे? त्याह्यची बी मॅच हाय न बाई."

रविवारी सहाला धुकं होतं. प्रेक्षक तीन. यान, पंपवाला, आणि कानटोपी घालून बसलेला वनिताचा बाप. तासाभरात बसवायचं म्हणून मी वीस-वीस मिनिटांचे दोन भाग ठेवले, आणि बरोबरी झाली तर शूटआऊट. सामना एक-एकने सुटला.

शूटआऊट म्हणजे असं. एका बाजूची एक खेळाडू चेंडू घेऊन तेवीस मीटरच्या रेषेवर उभी राहते, समोर फक्त गोलरक्षक. शिट्टी झाल्यापासून आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत चेंडू गोलरेषेपलीकडे गेला तर गोल, नाहीतर नाही. दोन्हीकडच्या पाच-पाच जणी. आणि ते आठ सेकंद मोजून भोंगा वाजवतो टेबलावरचा माणूस. म्हणजे मी. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताचा अंगठा भोंग्याच्या बटणावर.

चार-चार प्रयत्न झाले तेव्हा दोन-दोन होते. गुढियारीची पाचवी पोट्टी चुकली. आता राजनांदगावची शेवटची, पुष्पा. तिने गोल केला की संपलं. चुकली तर खेळ पुढे चालू.

शिट्टी झाली. पुष्पा डावीकडून आली, वनिता पुढे धावली. तिसऱ्या सेकंदाला पहिला फटका वनिताने पॅडवर घेतला. बाप उभा राहिला. चेंडू परत पुष्पाकडेच गेला. ती वळसा घालून गेली, वनिता आडवी पडली, पुष्पाने पडता पडता चेंडू नुसता ढकलला. आणि तो मेला हळूहळू निघाला, ओल्या गवतावरून, काही घाई नसल्यासारखा. घड्याळात सात झाले होते. माझा अंगठा बटणावर होता. जरा दाबला असता, अगदी जरासा, तर तीन प्रेक्षकांच्या त्या मैदानात कुणाला काय कळणार होतं?

चेंडू रेषेपलीकडे गेला. मग आठ झाले. मग मी भोंगा वाजवला.

अंपायरने टेबलाकडे पाहिलं. मी मान हलवली. गोल.

राजनांदगावच्या पोरी नाचल्या नाहीत, पुष्पा वनिताला उचलायला गेली. सही करायला वनिता टेबलावर आली. मी गुणपत्रकावर तिसरं स्थान लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, "बाई, चौथं बी लिहा. खाली नका सोडू." मी लिहिलं. त्या अर्जावर चौथा चौकोन नव्हता, ते आम्हा दोघींना माहीत होतं.

पुढच्या हिवाळ्यात परदेशी स्पर्धा झाली तोवर मी रिटायर झाले होते. यानने आठवणीने दोन पास पाठवले. वनिता तेव्हा भनपुरीकडच्या एका खासगी शाळेत कंत्राटावर खेळ शिकवत होती. मी तिला घेऊन गेले. आणि काय सांगू, आपलाच संघ गटात तळाला राहिला, त्या विचित्र नियमामुळे तरीही पुढे गेला, आणि शेवटी येऊन पोचला कुठे, तर तिसऱ्या जागेच्या सामन्यात! हार्डलाईन. आणि मैदान गच्च भरलेलं. जिथे तीन माणसं होती तिथे पाय ठेवायला जागा नाही. सामना बरोबरीत सुटला आणि शूटआऊट लागलं. लोक उभे राहिले, बायका नवस बोलायला लागल्या.

त्या गोंगाटात वनिता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, एक विचारू? त्या दिवशी आठ सेकंद झाले होते का?"

वर्षभर मी या प्रश्नाची वाट पाहत होते. "नाही गं," मी म्हटलं. "चेंडू आधी गेला. खरंच आधी गेला."

"मले माहीत होतं."

"कसं? तुला तर घड्याळ दिसतच नव्हतं."

"मी पडल्या पडल्या तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही रडून राहिल्या होत्या. भोंगा वाजायच्या आधीच."

तेवढ्यात आपण जिंकलो म्हणे. सगळं मैदान ओरडत होतं, कुणीतरी माझ्या पाठीवर ढोल बडवत होतं, आणि मी तिचा हात धरून बसले होते.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही जागेवरच होतो. तिने पिशवीतून वही काढली. "आता रिकाम्या हाय न तुम्ही? मले एक ड्रॉ काढून द्या. शाळेशाळेच्या पोट्ट्या हायेत, सोळा टीम. पण कोणालेच घरी नाही पाठवायचं. हरल्या तरी पुढची मॅच. पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत सगळ्याह्यले नंबर."

मी हिशेब केला. चार फेऱ्या, दर फेरीत सगळ्या सोळा खेळणार, म्हणजे आठ सामने. बत्तीस. हार्डलाईन धरून होतात त्या सोळाच्या बरोबर दुप्पट. दिवस किती लागतील, मैदान कोण देईल, पाण्याचं काय, हे सगळं जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. वही मांडीवर घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तक्ता शेवटाकडून आखायला घेतला. कोपऱ्यातला चौकोन आधी काढला आणि त्यात लिहिलं: सामना बत्तिसावा, पंधराव्या जागेसाठी.